मोटरहोमची सेल्फची बॅटरी बदलताना

साध्या मोटारीत बॅटरी एकच असते. तिची निगेटिव्ह वायर सोडली की सगळी गाडी थंड पडते. मग लाल केबलवरून पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. मोटरहोमचं तसं नसतं. ट्रॅव्हलर, अर्बानिया किंवा विंगर अशा व्हॅनचं मोटरहोम करताना इंजिनासाठी एक आणि राहायच्या भागासाठी दुसरी अशा दोन बॅटऱ्या असतात, आणि त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. छतावर सोलर पॅनल असतं, आत २३० व्होल्टवर चालणारा चार्जर असतो. त्यामुळे इंजिनाची बॅटरी उचलून बाहेर ठेवली, तरी तिची लाल केबल दुसऱ्या वाटेने जिवंत राहू शकते. चांगल्या मेकॅनिकचा हातही इथेच चुकतो, कारण त्याला एकाच बॅटरीची सवय असते. म्हणून या कामात पान्याचं काम थोडं आणि मीटरचं जास्त आहे.

आधी नावं ठरवून घेऊ. इंजिन चालू करणारी ती सेल्फची बॅटरी. आतले दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप चालवणारी ती घराची बॅटरी. सेल्फच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात. डिझेल इंजिन फिरवायला तीन-चार सेकंद दोनशे-तीनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट द्यायचा आणि लगेच अल्टरनेटरकडून तो परत भरून घ्यायचा, एवढंच तिचं काम. घराच्या बॅटरीत जाड प्लेटा असतात, किंवा ती लिथियमची असते. ती थोडाथोडा करंट तासन्‌तास देते. एकीच्या जागी दुसरी बसवायची नाही. सेल्फच्या बॅटरीवर रात्रभर पंखा चालवून ती पुन्हापुन्हा पूर्ण उतरवली, तर प्लेटांचा मसाला गळतो आणि थोड्याच महिन्यांत ती संपते.

बॅटरीच गेली आहे का?

सेल्फ घेत नाही म्हटलं की दुकानात धावायचं, असं करू नका. बॅटरी चांगली आणि अर्थिंग खराब, असं फार वेळा असतं. नवी बॅटरी टाकूनही गाडी तशीच राहते आणि पैसे वाया जातात.

गाडी बंद करून सहा-आठ तास उभी राहू द्या. त्याआधीच्या दिवशी दुपारभर सोलर चालू असेल तर बॅटरीच्या वरवर थोडा खोटा चार्ज असतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग मोजा. मीटरची टोकं केबलच्या क्लॅम्पला न लावता थेट शिशाच्या खांबांना लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या खाली म्हणजे रिकामीच. हे आकडे साध्या शिसे-ॲसिड बॅटरीचे आहेत.

व्होल्टेज कमी दिसलं म्हणून बॅटरी खराब ठरत नाही, ती नुसती उतरलेलीही असू शकते. आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा आणि मग सेल्फ मारून पाहा. मीटर खांबांवर धरून दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा. इंजिन फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं, तर बॅटरीत दम राहिलेला नाही. १०.५ च्या वर राहूनही इंजिन रडत-रडत फिरत असेल, तर दोष केबलमध्ये किंवा स्टार्टर मोटरमध्ये आहे.

केबलची चाचणी अगदी सोपी असूनही फार कमी लोक करतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा, आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिन आणि चासी यांच्यातली अर्थची पट्टी गंजलेली किंवा ढिली आहे. तसंच पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टरचा जाड बोल्ट यांच्यामध्ये मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर लाल केबलमध्ये दोष. कोकणात उतरून आलेल्या, पावसाळा भोगलेल्या गाड्यांत अर्थची पट्टी वरून ठीक दिसते. पण बोल्ट काढला की लगच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीच्या, खाली तांबूस भुगा निघतो. पॉलिश पेपरने घासून परत आवळली की तीच जुनी बॅटरी आणखी वर्षभर चालल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

आवाजही बरंच सांगतो. चावी फिरवल्यावर टक-टक-टक असा भरभर आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होणं, म्हणजे व्होल्टेज कमी. एकदाच जोरात टक आणि दिवे तसेच लख्ख, म्हणजे स्टार्टर किंवा त्याची जोडणी पाहा.

बॅटरी खरंच गेली असेल तर कारणही शोधा. पुण्यात बॅटरी मरते उन्हाळ्याने. उष्णतेने आतली झीज भरभर होते, पाणी उडतं. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली तापमान बाहेरच्या चाळीस अंशांच्याही कितीतरी वर असतं. पण तक्रार येते डिसेंबर-जानेवारीत, पहाटे पारा दहाच्या आसपास असताना, कारण थंडीत इंजिन जड फिरतं आणि बॅटरीही कमी देते. दोष थंडीला दिला जातो. नुकसान मात्र मे महिन्यातच झालेलं असतं. तीन-चार वर्षं झालेली बॅटरी असेल तर थंडीची वाट न पाहता ऑक्टोबरमध्येच तपासून घ्या.

नवी बॅटरी घेताना

जुन्या बॅटरीच्या लेबलचा, तिच्या बैठकीचा आणि दोन्ही खांबांचा फोटो काढून न्या. जुळायला हव्यात त्या गोष्टी अशा: अँपिअर-तास, सीसीए म्हणजे थंडीत सेल्फसाठी मिळणारा करंट, लांबी-रुंदी-उंची, पॉझिटिव्ह खांब कुठल्या बाजूला, खांब जाड की बारीक, आणि बॅटरी खालून पकडायची की वरून.

कोडमध्ये डीआयएन आणि जेआयएस अशा दोन पद्धती दिसतात. डीआयएन ७४ म्हणजे ७४ अँपिअर-तास. या बॅटऱ्यांना तळाशी कंगोरा असतो आणि क्लॅम्प तो कंगोरा दाबतो. ६५डी२६ सारखा कोड जेआयएसचा. त्यात २६ म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, पण पहिला आकडा ताकदीची श्रेणी दाखवतो. तो अँपिअर-तास समजू नका, अँपिअर-तास लेबलवर वेगळे वाचा. या बॅटऱ्या बहुधा वरच्या पट्टीने आणि दोन लांब रॉडनी आवळतात. कोडच्या शेवटी एल किंवा आर असतो तो खांबांच्या बाजूंसाठी. अक्षरावर विसंबून राहू नका. जुन्या बॅटरीचा फोटो समोर धरून, नवी त्याच दिशेने ठेवून डोळ्यांनी खात्री करा. बाजू चुकली तर केबल ओढून-ताणून पोचवली जाते, आणि पुढे घाटातल्या खड्ड्यांत ती तुटते नाहीतर कुठेतरी घासते.

डिझेल व्हॅनला सहसा ७० ते १०० अँपिअर-तासांची बॅटरी लागते. जागा असेल तर थोडी मोठी चालेल, लहान कधीही नको. गाडीला आयडल स्टॉप-स्टार्ट (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असेल तर मूळ बॅटरी ईएफबी किंवा एजीएम या, वारंवार सेल्फ सोसणाऱ्या प्रकारची असते, तेव्हा तोच प्रकार घ्यावा लागतो. साधी टाकली तर लवकर बसते. मोठ्या चासीवर २४ व्होल्टची यंत्रणा असते, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. तिथे दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच बॅचच्या बदला. आणि त्या जोडीतल्या एकीवरून १२ व्होल्टचा टेप किंवा दिवा घेतलेला आढळला तर तो आधी काढा. तसं केल्याने एक बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी कायम जास्त भरते. दोन्ही वेळेआधी मरतात.

दुकानातच मीटर लावून पाहा. १२.५ च्या खाली असलेली बॅटरी घेऊ नका. ती बरेच दिवस कपाटात पडून असते. खोक्यावर किंवा झाकणावर ठोकलेली बनावटीची तारीख विचारून घ्या, तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम. वॉरंटी कार्डावर शिक्का, सिरीयल नंबर आणि गाडीचा नंबर आलाच पाहिजे. वॉरंटीचे महिने २४ अधिक २४ असे लिहिलेले असतील तर पहिल्या भागात बदलून मिळते आणि दुसऱ्या भागात फक्त वापराप्रमाणे सूट मिळते. धंद्यासाठी नोंदलेल्या गाडीला वॉरंटी कमी असते, तेही आधीच विचारा.

पुण्यात लग, केबल, फ्यूजचे होल्डर तपकीर गल्लीत मिळतात, पाने आणि हत्यारं बोहरी आळीत, क्लॅम्प-रॉडसारखे गाडीचे भाग नाना पेठेत. रविवारी मधल्या पेठांतली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा सामान शनिवारीच आणून ठेवा.

हाताशी काय हवं

१० आणि १३ चे रिंग पाने, त्याच मापाच्या गोट्या (सॉकेट), रॅचेट आणि एक लांब एक्स्टेंशन (क्लॅम्पचा बोल्ट बहुतेक वेळा खोल कोपऱ्यात असतो). मल्टिमीटर. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर. खायचा सोडा. पेट्रोलियम जेली. रबरी हातमोजे, चष्मा. इन्सुलेशन टेप, आणि जुन्या सायकल ट्यूबचे दोन तुकडे. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या.

हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून खिशात घाला. पाना खांबाला आणि चासीला एकदम टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू क्षणात लाल होतो. मध्ये अंगठी असेल तर ती बोटात बसल्या जागी तापते. जुने सुती कपडे घाला, ॲसिडचा थेंब पडला तर धुतल्यावर तिथे भोक पडतं. ॲसिड त्वचेला लागलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर पाणी मारत-मारत थेट दवाखाना गाठा.

काम उघड्यावर करा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. मोटरहोममध्ये सेल्फची बॅटरी काही वेळा सीटखाली किंवा जमिनीखालच्या खणात असते, तिथे वायू साठून राहतो. खण उघडा, दारं-खिडक्या उघडा, दहा मिनिटं थांबा, मगच पाना लावा. आतला गॅसचा सिलिंडर बंद, शेगडी बंद.

सगळ्या वाटा बंद करणं

या भागात घाई नको. सेल्फच्या केबलपर्यंत वीज कुठून-कुठून येते ते पाहा.

पहिली वाट, दोन बॅटऱ्यांमधला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. बऱ्याच गाड्यांत व्होल्टेज पाहून स्वतः जुळणारा रिले असतो, १३.३ व्होल्टच्या आसपास तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो. दोन्ही बाजूंचं व्होल्टेज पाहणारा रिले असेल, तर दुपारच्या उन्हात सोलरने घराची बॅटरी १३.५ वर नेली की तो इंजिन बंद असतानाही जुळतो. मग घराची बॅटरी सेल्फच्या केबलला थेट जोडलेली असते, मधे फक्त एक मोठा फ्यूज. दुसरी वाट, डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या विजेवर घराची बॅटरी भरणारा. नव्या बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज सतत वरखाली होतं, म्हणून तिथे रिलेऐवजी हाच बसवतात. तो सहसा एकाच दिशेने चालतो, पण काही चार्जर उलट दिशेनेही सेल्फच्या बॅटरीला थोडा करंट देतात. तिसरी वाट, सोलर कंट्रोलरचं दुसरं आउटपुट. चौथी, २३० व्होल्टच्या चार्जरमधून सेल्फच्या बॅटरीकडे गेलेली बारीक लाल वायर. गाडी ज्या फॅब्रिकेटरने बांधली त्याच्याकडून वायरिंगचा नकाशा मागून घ्या. नकाशा नसेल तर पॉझिटिव्ह खांबावरच्या प्रत्येक वायरचा माग हाताने काढा, तिच्यावर टेप चिकटवून नाव लिहा आणि फोटो काढा.

बंद करायचा क्रम असा. बाहेरून आलेली २३० व्होल्टची केबल काढा. इन्व्हर्टर बंद करा, नुसता स्टँडबाय नको. मग सोलर पॅनलकडून कंट्रोलरकडे येणारा ब्रेकर पाडा. पॅनल आधी आणि बॅटरी नंतर, हा क्रम बदलायचा नाही. कंट्रोलरची बॅटरी आधी सुटली आणि पॅनल चालू राहिलं तर त्याला व्होल्टेज सांभाळता येत नाही आणि तो जळू शकतो. ब्रेकर नसेल तर पॅनलवर जाड सतरंजी टाका, किंवा काम संध्याकाळी घ्या. त्यानंतर घराच्या बॅटरीचा मुख्य स्विच बंद. शेवटी दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या केबलचा घराकडचा फ्यूज काढून खिशात ठेवा. नुसता स्विच पुरेसा नाही, कारण काही गाड्यांत रिलेची केबल स्विचच्या आधीच बॅटरीला जोडलेली असते.

आता इंजिनाची बाजू. चावी काढा आणि ती गाडीबाहेर, स्वतःजवळ ठेवा. वीज गेल्यावर किंवा परत येताना सेंट्रल लॉक दारं बंद करू शकतं. ड्रायव्हरचं दार उघडंच राहू द्या. मग पंधरा मिनिटं थांबा. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. ज्या गाडीला डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची) टाकी आहे तिथे तर थांबणं सक्तीचं समजा: इंजिन बंद केल्यावर पंप नळीतलं द्रव परत टाकीत ओढतो, आणि ते होण्याआधी वीज तोडली तर उरलेलं द्रव सुकून इंजेक्टर चोंदतो. गाडीला बॅटरी कटऑफ स्विच असेल तर तो या थांबण्यानंतर पाडा.

काढणं

निगेटिव्ह आधी. कारण साधं आहे: निगेटिव्ह चासीला जोडलेलीच आहे, तिच्यावर काम करताना पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर शॉर्ट.

मोटरहोममध्ये निगेटिव्ह खांबावर जाड केबलशिवाय दोन-तीन बारीक वायरी असतात: ट्रॅकर, डॅशकॅम, घराच्या बॅटरीची अर्थ. सगळ्या सोडा. जाड केबल काढली आणि एक बारीक राहिली, तर सगळी गाडी त्या बारीक वायरीवर चालायला बघते, आणि चुकून कोणी सेल्फ मारला तर ती वायर जळते. निगेटिव्हवर बॅटरीचा चार्ज मोजणारा चौकोनी सेन्सर असेल तर त्याला पाना टेकवून जोर लावू नका. त्याचा प्लग आणि आतलं जोडकाम नाजूक असतं. सोडलेल्या केबलचं टोक ट्यूबच्या तुकड्यात घालून बाजूला वळवा.

आता पॉझिटिव्हला हात लावण्याआधी मीटर घ्या. काळं टोक चासीच्या स्वच्छ धातूवर, लाल टोक पॉझिटिव्ह खांबावर. निगेटिव्ह सुटलेली असल्यामुळे आकडा शून्य यायला हवा. सुरुवातीला एक-दोन व्होल्ट दिसून आकडा उतरत गेला, तर ती कुठल्यातरी कपॅसिटरमध्ये उरलेली वीज आहे, थोडं थांबा. १२ किंवा १३ व्होल्ट स्थिर दिसले, तर एखादी वाट उघडी राहिली आहे, किंवा निगेटिव्हची एखादी वायर सुटायची राहिली आहे. मागे जा आणि ती शोधा. हा आकडा शून्य झाल्याशिवाय पुढचा बोल्ट सोडायचा नाही.

मग पॉझिटिव्ह सोडा आणि तिचंही टोक ट्यूबमध्ये घाला. क्लॅम्प अडकला तर हातोडी मारू नका आणि स्क्रूड्रायव्हर घालून खांब तोलू नका. खांब आतून सुटतो. बोल्ट पूर्ण ढिला करून क्लॅम्प थोडा फाकवा, डावीकडे-उजवीकडे हलवत वर काढा. पांढरट हिरवा थर चढलेला असेल तर आधी सोड्याचं पाणी घाला.

बॅटरीच्या बाजूला श्वासाची, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी, बारीक नळी लावलेली असेल तर ती ओढून काढा आणि जपून ठेवा. बॅटरी पकडणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट सोडा, तो खाली पडणार नाही इकडे लक्ष द्या. बॅटरी उचलताना वाकून न ओढता गुडघे वाकवून, सरळ वर घ्या. ७५ अँपिअर-तासांची साधारण १८ ते २० किलो भरते, १०० ची पंचवीसच्या आसपास. सीटखालच्या खणातून काढताना दुसरा माणूस हवाच. बॅटरी आडवी करू नका.

बैठक आणि केबल

रिकाम्या जागेत हात घालून बघा. ट्रेवर पोपडे, ओल, पांढरी भुकटी असेल तर ॲसिड सांडलेलं आहे. पाव लिटर पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा घालून ते ओता. फेस यायचा थांबेपर्यंत ओतत राहा, मग साध्या पाण्याने धुवा, वाळवा, गंज घासून रंग लावा. क्लॅम्पही त्याच पाण्यात बुडवून ब्रशने आतून चकचकीत होईपर्यंत घासा. लगजवळ केबल फुगलेली किंवा कडक लागली, तर टेप काढून आत बघा: तांबं हिरवं पडून पीठ झालं असेल तर तेवढा तुकडा कापून नवा लग क्रिंप करून घ्या. डिझेल गाडीच्या सेल्फसाठी ३५ ते ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असते. हातोडीने चेपलेला लग किंवा तारेने गुंडाळलेला क्लॅम्प दोनशे अँपिअरला टिकत नाही.

दुसऱ्या बॅटरीकडे जाणाऱ्या केबलला या बाजूलाही, खांबापासून वीतभर अंतरात, फ्यूज असायला हवा. केबलला दोन्ही टोकांना वीज आहे. एकच फ्यूज असेल तर चासीला घासून तिचं कव्हर फाटलं की दुसऱ्या टोकाकडून ती जळतच राहील. आत्ता सगळं उघडं आहे तोवर तो बसवून घ्या.

बसवणं

नवी बॅटरी जुन्याच दिशेने ठेवा. तळाखाली खडा, जुना बोल्ट काही नको. आधी बॅटरी पकडणारा क्लॅम्प आवळा: दोन्ही हातांनी हलवून पाहिली तर बॅटरी तसूभरही हलता कामा नये. ढिली बॅटरी खड्ड्यांच्या धक्क्यांनी आतून मरते. मात्र वरून पट्टी असेल तर झाकण दबेल इतकी आवळू नका. श्वासाची नळी परत लावा आणि तिचं दुसरं टोक खरंच गाडीबाहेर, जमिनीकडे निघतंय ना ते पाहा. सीटखालच्या बॅटरीला नळी नसेल तर नवी नळी टाकल्याशिवाय साधी बॅटरी तिथे बसवू नका. वायू झोपायच्या जागेत येतो.

आता पॉझिटिव्ह आधी. खांबावरचं प्लॅस्टिकचं टोपण काढा, क्लॅम्प पूर्ण खालपर्यंत बसवा, आवळा. शिसं मऊ आहे. एम-६ च्या बोल्टला ५ ते ६ न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे आखूड पान्याने मनगटाच्या जोरावर. हाताने पिळल्यावर क्लॅम्प फिरला नाही की झालं. लाल झाकण लावा. मग निगेटिव्ह, सगळ्या बारीक वायरींसह. शेवटची जोडणी करताना छोटी ठिणगी पडते, ती कपॅसिटर भरल्याची. मोठी ठिणगी पडली तर थांबा, काहीतरी चालू राहिलंय. पेट्रोलियम जेली जोडणी आवळून झाल्यावर, वरून लावा.

निगेटिव्ह टेकवण्याआधी अधिक-उणे पुन्हा एकदा वाचा. उलटं लागलं तर अल्टरनेटरचे डायोड आणि मुख्य फ्यूज क्षणात जातात.

इंजिन चालू करून खांबांवर मोजा: १३.८ ते १४.५ व्होल्ट असावेत. हेडलाइट, ब्लोअर लावूनही १३.५ च्या खाली जाऊ नये. स्मार्ट अल्टरनेटरच्या गाडीत आकडा १२.५ पासून १४.८ पर्यंत फिरतो, तेव्हा एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. स्टिअरिंगचा किंवा स्थिरतेचा पिवळा दिवा लागला तर थोडं चालवल्यावर बहुधा आपोआप जातो. पॉवर विंडो पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरा. निगेटिव्हवर सेन्सर असेल तर गाडी लॉक करून काही तास तशीच उभी ठेवा, म्हणजे त्याला नवी बॅटरी कळते. काही गाड्यांत सर्व्हिस सेंटरला स्कॅनरवरून नोंद करावी लागते.

घराकडची बाजू उलट क्रमाने जोडा. जोडफ्यूज, घराच्या बॅटरीचा मुख्य स्विच, मग सोलरचा ब्रेकर, शेवटी २३० व्होल्ट. नंतर इंजिन चालू ठेवून घराच्या बॅटरीवर मीटर लावा. रिले असेल तर एक-दोन मिनिटांत तिचं व्होल्टेज चढायला हवं. चढलं नाही तर फ्यूज किंवा इग्निशनची सिग्नल वायर बसायची राहिली आहे. ही तपासणी पार्किंगमध्येच करा. नाहीतर पानशेतच्या काठावर दुसऱ्या रात्री फ्रिज बंद पडल्यावर कळतं.

उभ्या गाडीचा खर्च

मोटरहोम वर्षातला बराच काळ सोसायटीत उभी असते, आणि सेल्फच्या बॅटऱ्या जास्त मरतात त्या तिथेच. गाडी झोपल्यावर ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट जाणं ठीक. तेही दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपिअर-तास होतात, म्हणजे ७५ ची बॅटरी जवळपास अर्धी. पार्किंग मोडवर ठेवलेला डॅशकॅम पाव अँपिअर घेत असेल तर तेच नुकसान सहा दिवसांत होतं. मोजायचं असेल तर निगेटिव्ह सोडून मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून मधे जोडा, अर्धा तास थांबा आणि मग वाचा. मधे असताना सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडतो.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायची सवय पुष्कळांना असते. हिशोब करून पाहा: २० अँपिअरने पाच मिनिटं भरली तर जेमतेम १.७ अँपिअर-तास जमा होतात, आणि आठवड्यात ८.४ गेलेले असतात. त्यापेक्षा महिन्यातून एकदा कात्रज ओलांडून खेड शिवापूरपर्यंत जाऊन यावं, किंवा १३.५-१३.६ व्होल्टवर धरून ठेवणारा छोटा चार्जर लावावा. पार्किंगमध्ये प्लग नसेल आणि गाडी उन्हात असेल, तर सोलर कंट्रोलरकडून सेल्फच्या बॅटरीला बारीक धार देणारी जोडणी सर्वांत सोयीची. तिलाही फ्यूज हवा. जून ते सप्टेंबर मात्र ढगांमुळे तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका.

जुनी बॅटरी गॅलरीत ठेवू नका आणि भंगारवाल्याला तर देऊच नका. तो ॲसिड गटारात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवलं जातं. २००१ च्या नियमांत जुनी शिसे-ॲसिड बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यायची होती, त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेऊन पुनर्वापराला धाडण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनीची किंमत बिलातून वजा होते. खांबांवर टेप लावा, उभीच न्या, आणि बिलावर जुनी जमा केल्याची नोंद करून घ्या.